प्याद्यांचा एंडगेम आणि बुद्धिबळ इंजिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिग्रस, आर्वी, चिमूर, मेहकर अशा तालुक्यांच्या गावी आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत बुद्धिबळ शिकणारी मुले, त्यांचे शिक्षक आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांपैकी प्याद्यांच्या एंडगेमविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने त्या ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हापासून विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि बहुतेक प्रश्नांचा रोख मोबाइलवरचे इंजिन (म्हणजे खेळ्या तपासून सुचवणारा संगणक प्रोग्राम) दाखवत असलेल्या आकड्याकडेच असतो. दोन राजे आणि प्यादी यांखेरीज पटावर काहीही उरलेले नाही, अशा स्थितीला येथे प्याद्यांचा एंडगेम म्हटले आहे. घरांची नावे पांढऱ्याच्या बाजूने ए ते एच आणि १ ते ८ अशी नेहमीचीच आहेत.

इंजिन +१.२० असा आकडा दाखवते, तो नेमका कशाचा असतो?

पूर्वी या आकड्याचा अर्थ साधा होता. +१ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याइतका पुढे आणि −१ म्हणजे काळा तितकाच पुढे. आज सर्वाधिक वापरले जाणारे स्टॉकफिश हे इंजिन डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून हा आकडा वेगळ्या रीतीने मोजते. तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी असेल, तेव्हा ते +१ दाखवते. म्हणजे आकड्याचा संबंध आता प्याद्यांच्या संख्येशी राहिलेला नसून जिंकण्याच्या शक्यतेशी आहे.

मधल्या डावात असा आकडा उपयोगी पडतो, कारण तेथे पुढे काय होईल हे खरोखरच अनिश्चित असते. प्याद्यांच्या एंडगेममध्ये मात्र पटावरच्या स्थितीला तीनच उत्तरे असतात : पांढरा जिंकतो, काळा जिंकतो किंवा बरोबरी होते. मधल्या छटा जवळजवळ नसतातच. म्हणून अशा स्थितीत इंजिन बराच वेळ +०.८० किंवा +१.५० दाखवत राहिले, तर त्याला उत्तर अजून सापडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. उत्तर सापडले की आकडा एक तर ०.०० वर येतो किंवा झपाट्याने वाढत जाऊन त्याच्या जागी मात किती खेळ्यांत आहे ते दिसू लागते. हे एवढे एक ध्यानात ठेवले, तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

मूल्यांकन आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि हा फरक समजून घेणे फार आवश्यक आहे. शोध म्हणजे ‘मी ही खेळी केली तर तो काय करील, मग मी काय करीन’ असे पुढे पुढे पाहत जाणे. मूल्यांकन म्हणजे शोध जेथे थांबला तेथील स्थितीकडे, पुढची एकही खेळी न पाहता, नजर टाकून दिलेला अंदाज. बाजार समितीत व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, धाग्याची लांबी आणि ओलावा पाहतो आणि भाव सांगतो. त्या कापसातून रुई प्रत्यक्षात किती निघाली ते जिनिंगनंतरच कळते. मूल्यांकन हे व्यापाऱ्याच्या त्या अंदाजासारखे आहे आणि शोध हे जिनिंग आहे.

प्याद्यांच्या एंडगेममध्ये नुसत्या अंदाजावर का विसंबता येत नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. पांढरा राजा ई५ वर, पांढरे प्यादे ई४ वर आणि काळा राजा ई७ वर ठेवा. खेळी काळ्याची असेल, तर त्याच्या राजाला बाजूला व्हावे लागते, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. खेळी पांढऱ्याची असेल, तर तीच स्थिती बरोबरीची आहे, कारण आता बाजूला होण्याची पाळी पांढऱ्या राजावर येते आणि काळा राजा पुन्हा त्याच्या समोर येऊन उभा राहतो. दोन्ही वेळा पटावर सोंगट्या त्याच, घरे तीच आणि पांढऱ्याचे एक प्यादे जास्त. प्यादी मोजून किंवा राजा पुढे आहे की मागे हे पाहून दिलेला अंदाज दोन्हींना सारखाच निघेल, आणि दोहोंपैकी एका वेळी तो चुकीचा असेल.

जुनी इंजिने प्याद्यांकडे कशी पाहत असत?

जुन्या इंजिनांत मूल्यांकनाचे नियम माणसांनी विचारपूर्वक लिहिलेले असत. एकट्या पडलेल्या प्याद्याला, एकाच उभ्या ओळीत एकामागे एक आलेल्या प्याद्यांना आणि मागे राहिलेल्या प्याद्याला काही गुण कमी मिळत. ज्याच्या वाटेत आणि शेजारच्या दोन्ही ओळींत समोरच्याचे एकही प्यादे उरलेले नाही, अशा मोकळ्या प्याद्याला जादा गुण मिळत, आणि ते जितके पुढे गेलेले असेल तितके ते गुण वाढत. दोन्ही राजे त्या प्याद्याच्या पुढच्या घरापासून किती दूर आहेत, हेही मोजले जाई.

प्रत्येक गुण दोनदा लिहिलेला असे, एकदा मधल्या डावासाठी आणि एकदा एंडगेमसाठी, आणि पटावरच्या सोंगट्या जसजशा कमी होत, तसतसे इंजिन पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत असे. स्टॉकफिशच्या ११ व्या आवृत्तीत एका प्याद्याची किंमत मधल्या डावात १२८ आणि एंडगेममध्ये २१३ अशी होती. एंडगेममध्ये प्यादे किती महाग होते, हे त्या दोन आकड्यांतून चांगले कळते.

प्याद्यांची रचना प्रत्येक खेळीला बदलत नाही. म्हणून एकदा केलेला तिचा हिशेब इंजिन एका वेगळ्या तक्त्यात जपून ठेवत असे आणि तीच रचना पुन्हा आली की नव्याने मोजण्याऐवजी तो तक्ता वाचत असे. वेग वाढवण्याची ही युक्ती साधी असली तरी फार गुणकारी होती.

आपण मुलांना शिकवतो तो चौकोनाचा नियमही काही इंजिनांत होता. प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत चौकोन आखायचा आणि समोरचा राजा त्यात पोचू शकत नसेल तर ते प्यादे रोखता येत नाही असे धरायचे. हा नियम एकट्या प्याद्याच्या बाबतीत पक्का आहे, पण दुसरे प्यादे आले की तो फसू शकतो. रिचर्ड रेटी यांची १९२१ मधील प्रसिद्ध रचना पाहा : पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६, काळा राजा ए६, काळे प्यादे एच५, खेळी पांढऱ्याची. पांढरा राजा काळ्या प्याद्याच्या चौकोनाच्या बाहेर दोन खेळ्यांनी मागे आहे आणि पांढऱ्याचे प्यादे काळ्या राजाच्या हाताशी आहे. तरीही राजा जी७, मग एफ६, मग ई५ असा तिरका आला की तो एकाच वेळी दोन्ही प्याद्यांकडे जात असतो. काळ्याने सी६ चे प्यादे मारण्यात वेळ घालवला तर पांढरा राजा एफ४ वरून जाऊन एच चे प्यादे पकडतो. काळ्याने प्यादे पुढे रेटले तर पांढरा राजा डी६ वर जाऊन स्वतःच्या प्याद्याला आधार देतो आणि दोघांचेही वजीर होतात. दोन्हीकडून बरोबरीच होते. नुसता नियम येथे काळा जिंकतो असे सांगेल. शोधाला खरे उत्तर सापडते, कारण तो प्रत्येक वाट चालून पाहतो.

आताच्या न्यूरल नेटवर्कमुळे काय बदलले?

यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी एनएनयूई नावाचे, उदाहरणांवरून स्वतः शिकणारे एक छोटे आणि वेगवान नेटवर्क तयार केले. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने ते बुद्धिबळात आणले आणि फेब्रुवारी २०२४ मधील १६.१ या आवृत्तीत माणसांनी लिहिलेले जुने नियम पूर्णपणे काढून टाकण्यात आले. आता मागे राहिलेले प्यादे वाईट, असा नियम इंजिनात कोठेही लिहिलेला नाही. असंख्य स्थिती पाहून नेटवर्क स्वतःच ते शिकलेले आहे.

स्टॉकफिश १२ मधील नेटवर्कची माहिती घेण्याची रीत प्याद्यांच्या एंडगेमच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. ते प्रत्येक सोंगटीची नोंद राजा कोणत्या घरात आहे यासह घेत असे. राजाची ६४ घरे आणि प्रत्येक घरासाठी इतर सोंगट्यांच्या ६४१ नोंदी, म्हणजे एकूण ४१,०२४ नोंदी होत. त्यामुळे ‘डी५ वर प्यादे’ ही एकच गोष्ट न राहता ‘राजा ई६ वर असताना डी५ वर प्यादे’ आणि ‘राजा जी१ वर असताना डी५ वर प्यादे’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि एंडगेममध्ये त्या वेगळ्या असायलाच हव्यात.

तरीही नेटवर्क जे देते तो अंदाजच आहे. वरच्या ई४, ई५, ई७ च्या उदाहरणासारख्या ठिकाणी, जेथे एका खेळीच्या फरकाने सर्व काही उलटते, तेथे शोधाशिवाय गत्यंतर नाही. माझ्या मते नेटवर्कमुळे इंजिनाची सर्वांत मोठी प्रगती मधल्या डावात झाली. प्याद्यांच्या एंडगेममध्ये ते पूर्वीही बलवान होते आणि आजही त्याचे बळ मुख्यतः खोल पाहण्यातच आहे.

झुगझ्वांगमध्ये, म्हणजे खेळी करावी लागणे हेच नुकसानीचे ठरते अशा स्थितीत, इंजिन चुकते असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

आज सहसा चुकत नाही, पण ही भीती का निर्माण झाली ते जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्यातून इंजिनाच्या आतले काम उत्तम कळते.

शोधाचा वेळ वाचवण्यासाठी इंजिने एक कल्पना वापरतात. खेळी आपली असताना ती न करता समोरच्याला सलग दुसरी खेळी करू द्यायची, म्हणजे जणू आपली पाळी सोडायची. एवढी सवलत दिल्यावरही आपली स्थिती भक्कमच राहत असेल, तर खरी खेळी केल्यावर ती त्याहून चांगलीच असणार, असे मानून इंजिन ती फांदी, म्हणजे खेळ्यांची ती वाट, तेथेच सोडून देते. मधल्या डावात हे मानणे जवळपास नेहमी खरे ठरते, कारण तेथे काही ना काही उपयोगी खेळी सापडतेच.

प्याद्यांच्या एंडगेममध्ये हे गृहीतच कोसळते. पांढरा राजा एफ५, पांढरे प्यादे ई४, काळा राजा डी४, काळे प्यादे ई५ अशी स्थिती मांडून पाहा. प्रत्येक राजा स्वतःच्या प्याद्याला राखतो आहे आणि समोरच्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. ज्याची खेळी असेल त्याला राजा हलवावाच लागतो, त्याचे प्यादे जाते आणि पाठोपाठ डावही जातो. सोंगट्या समसमान असूनही येथे खेळी करावी लागणे हेच संकट आहे. पाळी सोडता आली असती, तर ती सर्वोत्तम खेळी ठरली असती. म्हणून पाळी सोडून पाहणारे इंजिन येथे ‘स्थिती भक्कम आहे’ असे म्हणेल आणि ते साफ चुकीचे असेल.

यावरचा उपाय इंजिने लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीच शोधला. ज्याची खेळी आहे त्याच्याकडे राजा आणि प्यादी यांखेरीज एकही सोंगटी नसेल, तर पाळी सोडण्याची ही युक्ती वापरायचीच नाही. स्टॉकफिशमध्ये ही अट आहे. म्हणजे प्याद्यांच्या एंडगेममध्ये इंजिन एक मोठी सवलत स्वतःहून नाकारते. सोंगट्या कमी असल्यामुळे ते त्याला परवडते.

मधल्या डावात खोली (इंजिन किती खेळ्या पुढे पाहते तो आकडा) २५ च्या आसपास असते, प्याद्यांच्या एंडगेममध्ये ती ४५ किंवा ५० कशी होते?

मधल्या डावात एका वेळी सुमारे ३० ते ४० खेळ्या शक्य असतात. प्याद्यांच्या एंडगेममध्ये राजाच्या जास्तीत जास्त ८ आणि प्याद्यांच्या मोजक्याच खेळ्या असतात. फांद्या कमी, म्हणून खोली जास्त. शिवाय खोलीचा तो आकडा सर्व फांद्यांना सारखा लागू नसतो. काही वाटा इंजिन त्याहून पुढे पाहते आणि ज्या त्याला कमी महत्त्वाच्या वाटतात त्या लवकर सोडते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एकदा पाहिलेल्या स्थितीचे उत्तर इंजिन स्मृतीत ठेवते आणि वेगळ्या क्रमाने खेळून तीच स्थिती आली तर ते उत्तर पुन्हा वापरते. स्थितीला ओळखण्यासाठी तिला एक मोठी संख्या देण्याची पद्धत अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडली आणि तीच आजही वापरात आहे. प्याद्यांच्या एंडगेममध्ये या स्मृतीचा जितका लाभ होतो तितका दुसरीकडे क्वचितच होतो.

लास्कर आणि राइखहेल्म यांच्या १९०१ मधील विश्लेषणामुळे प्रसिद्ध झालेली एक स्थिती इंजिनांच्या चाचणीसाठी अनेक दशके वापरली जाते. पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४, काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५, खेळी पांढऱ्याची. एकही प्यादे हलू शकत नाही. फक्त राजे फिरतात. पांढऱ्याची एकच खेळी जिंकते, राजा बी१, आणि तिचे कारण पहिल्या नजरेत मुळीच दिसत नाही, कारण ती शत्रूच्या दिशेने जात असल्यासारखी वाटतही नाही. पांढऱ्या राजाच्या प्रत्येक घराला काळ्या राजाचे एक ठरावीक घर जुळते आणि जो ती जुळणी मोडायला भाग पाडतो तो जिंकतो.

आता थोडा हिशेब करू. प्यादी गोठलेली असल्यामुळे, काही मारले जाईपर्यंत, वेगळ्या स्थिती जास्तीत जास्त ६४ × ६४ × २ म्हणजे ८,१९२ एवढ्याच असू शकतात, आणि प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी. स्मृती नसलेले इंजिन त्याच स्थिती लाखो वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा तपासत बसते आणि त्याला उत्तर सापडत नाही. स्मृती असलेले इंजिन प्रत्येक स्थिती जवळपास एकदाच सोडवते आणि क्षणात राजा बी१ दाखवते. मोबाइलवर हे स्वतः करून पाहण्यासारखे आहे. आकडा सुरुवातीला थोडा रेंगाळतो आणि मग एकदम उडी घेतो.

टेबलबेस म्हणजे काय आणि तो इंजिनापेक्षा वेगळा कसा?

टेबलबेसमध्ये अंदाज नसतो, शोधही नसतो. प्रत्येक स्थितीचे अंतिम उत्तर आधीच काढून लिहून ठेवलेले असते. ते मातेपासून उलट मागे येत काढतात. आधी मात झालेल्या सर्व स्थिती, मग तेथे नेणाऱ्या, मग त्यांच्याही आधीच्या. प्यादे वजीर होऊ शकत असल्यामुळे राजा आणि प्याद्याचे कोष्टक करण्याआधी राजा आणि वजीर, राजा आणि हत्ती इत्यादींची कोष्टके तयार असावी लागतात.

राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा हे सर्वांत लहान उपयोगी कोष्टक आहे. डाव्या-उजव्या बाजूची सममिती धरली तर प्याद्यासाठी २४ घरे पुरतात, म्हणून नोंदी ६४ × ६४ × २४ × २ म्हणजे १,९६,६०८ होतात. प्रत्येक नोंदीला ‘जिंकते’ किंवा ‘जिंकत नाही’ एवढेच सांगायचे असल्यामुळे सगळे कोष्टक २४ किलोबाइटमध्ये बसते. मोबाइलवरच्या एका साध्या छायाचित्रापेक्षाही ते लहान आहे. म्हणून अनेक इंजिनांनी ते स्वतःच्या पोटातच ठेवले.

सध्या सर्वाधिक वापरात असलेला टेबलबेस म्हणजे रोनाल्ड डे मान यांचा सिझिजी. राजे धरून पाच सोंगट्यांपर्यंतची त्याची कोष्टके सुमारे १ गिगाबाइटमध्ये मावतात, सहा सोंगट्यांची सुमारे १५० गिगाबाइट होतात आणि २०१८ मध्ये पूर्ण झालेली सात सोंगट्यांची कोष्टके सुमारे १७ टेराबाइट भरतात. त्यांत सुमारे ४२४ लाख कोटी स्थितींची उत्तरे आहेत. वर दिलेली लास्कर आणि राइखहेल्म यांची स्थिती मात्र नऊ सोंगट्यांची आहे, म्हणून ती त्यात सापडणार नाही. तिच्यासाठी शोधच लागतो.

एक बाब शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. सिझिजी मातेपर्यंतचे अंतर न मोजता पुढची मारामारी किंवा प्याद्याची पुढची खेळी किती दूर आहे ते मोजतो, कारण पन्नास खेळ्यांच्या नियमाची (पन्नास खेळ्यांत मारामारी किंवा प्याद्याची खेळी झाली नाही तर बरोबरी मागता येते) मोजणी तेथे नव्याने सुरू होते. त्यामुळे जिंकलेल्या स्थितीत तो कधी कधी स्वतःचे प्यादे विनाकारण देऊन टाकताना दिसतो. ती खेळी जिंकणारी असते, पण शिकण्यासारखी नसते.

हत्तींची अदलाबदल करण्याआधी इंजिन +१.८० दाखवत होते, अदलाबदल होताच ०.०० झाले. इंजिन खोटे बोलले का?

नाही. सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि हातचे डावही बहुधा येथेच निसटतात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

पटावर हत्ती असताना इंजिनाला शेकडो वाटा दिसत असतात. त्यांपैकी अनेक वाटांवर पांढरा खरोखरच चांगला असतो आणि आकडा त्यातून येतो. अदलाबदलीनंतरचा प्याद्यांचा एंडगेम ही त्यांपैकी एकच वाट असते, आणि तिचे खरे उत्तर कदाचित वीस-पंचवीस खेळ्यांपलीकडे दडलेले असते. जेथे शोध थांबला, त्याच्या पुढच्या घटना इंजिनासाठी अस्तित्वातच नसतात. हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये या दोषाला क्षितिजाचा परिणाम असे नाव दिले. अदलाबदल प्रत्यक्ष झाली की फांद्या अचानक कमी होतात, खोली वाढते आणि क्षितिजापलीकडचे उत्तर दिसू लागते. म्हणून आकडा बदलतो. ही अडचण ओळखूनच काही जुन्या इंजिनांत अशी सोय होती की ज्या मारामारीने प्याद्यांचा एंडगेम सुरू होतो, त्या फांदीवर शोध मुद्दाम आणखी पुढे न्यायचा.

लहान उदाहरण घेऊ. पांढरा राजा ई५, पांढरे प्यादे ई४, आणि ई७ वर हत्तींची मारामारी होऊन शेवटी काळ्या राजाने ते घर घेतले. आता खेळी पांढऱ्याची आहे आणि डाव बरोबरीचा आहे, हे आपण वर पाहिलेच. एवढ्या कमी सोंगट्या असताना इंजिन हे लगेच ओळखते. पण हीच गोष्ट दोन्ही बाजूंना आणखी चार-चार प्यादी असताना घडत असेल, तर त्यालाही वेळ लागतो.

याउलटही घडते. पांढरी प्यादी ए५, बी५, सी५ वर, काळी ए७, बी७, सी७ वर आणि दोन्ही राजे पटाच्या दुसऱ्या टोकाला असतील, तर मोजणीने सर्व समान आहे. पण खेळी पांढऱ्याची असेल तर बी६! ही एकच खेळी डाव फोडते. काळ्याने ए च्या प्याद्याने मारले तर सी६! आणि सी च्या प्याद्याने मारले तर ए६!; दोन प्यादी देऊन तिसरे सुटते आणि वजीर होते. खेळी काळ्याची असेल तर त्याने ताबडतोब बी६ खेळायलाच हवे. असे फोडणारे डाव इंजिन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शोधते, कारण त्यांतली प्रत्येक खेळी जबरदस्तीची असते. राजाच्या संथ फेऱ्यांनी जिंकायचे डाव त्याला तुलनेने उशिरा दिसतात, कारण शांत दिसणाऱ्या खेळ्यांकडे ते आधी कमी खोलीने पाहते.

सर्व प्यादी अडकलेली असताना इंजिन ०.०० न दाखवता +२ का दाखवत राहते?

कारण पांढऱ्याकडे प्यादी जास्त आहेत एवढे त्याला दिसते, पण आत शिरायला वाटच नाही हे ‘कळायला’ त्याच्याकडे वेगळी सोय नाही. ते राजा इकडून तिकडे फिरवत राहते आणि प्रत्येक फेरीनंतर तेच गुण मोजते. पन्नास खेळ्यांचा नियम शोधाच्या टप्प्यात आला की आकडा हळूहळू शून्याकडे घसरतो. असा घसरणारा आकडा दिसला तर कोंडी आहे, असे बहुतेक वेळा समजावे. माणसाला अशी कोंडी एका नजरेत दिसते, आणि मुलांना हे आवर्जून दाखवावे.

एक प्यादे जास्त असेल तर प्याद्यांचा एंडगेम जिंकलेलाच असतो का?

दोन्हीकडे बरीच प्यादी असतील तर बहुधा होय. एकच प्यादे उरले असेल तर नेहमीच नाही. आणि ते एकटे प्यादे ए किंवा एच ओळीतले असेल व समोरचा राजा त्याच्या कोपऱ्यात पोचला असेल, तर कधीच नाही.

आमच्याकडे रेंज नसते आणि मोबाइल साधा आहे. हे सर्व आम्हाला वापरता येईल का?

नक्कीच येईल. स्टॉकफिश विनामूल्य आहे आणि अँड्रॉइडवर ड्रॉइडफिशसारख्या विनामूल्य ॲपमधून ते इंटरनेटशिवाय चालते. पाच सोंगट्यांपर्यंतचा टेबलबेस तालुक्याच्या ठिकाणी एकदा उतरवून मेमरी कार्डवर ठेवला की ड्रॉइडफिश तो वापरू शकते. सात सोंगट्यांचा टेबलबेस लिचेस या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो, पण त्यासाठी रेंज लागते, म्हणून अशा स्थिती वहीत लिहून ठेवाव्यात आणि रेंज मिळेल तेव्हा एकदम तपासाव्यात.

इंजिन प्रोसेसरचे अनेक भाग एकाच वेळी राबवू शकते, त्यामुळे मोबाइल तापतो आणि तापला की स्वतःच मंदावतो. अकोला किंवा चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, हे फार लवकर घडते. सेटिंगमध्ये थ्रेडची (एकाच वेळी राबणाऱ्या भागांची) संख्या एक किंवा दोन ठेवावी. प्याद्यांच्या एंडगेमला त्याहून अधिक लागतही नाही, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत बॅटरीही टिकते.

मुलांना शिकवताना इंजिन कसे वापरावे?

इंजिन बंद ठेवून सुरुवात करावी. स्थिती लाकडी पटावर मांडावी आणि मुलांनी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : निकाल काय, पहिली खेळी कोणती आणि कोणाचे प्यादे किती खेळ्यांत वजीर होते. त्यानंतर तीच स्थिती, खेळी दुसऱ्याची आहे असे धरून, पुन्हा सोडवायला द्यावी. प्याद्यांच्या एंडगेममधले निम्मे शिक्षण या दुसऱ्या पायरीत आहे.

मग इंजिन सुरू करावे आणि ते एकाऐवजी तीन-चार ओळी दाखवील अशी सोय करावी. पहिली ओळ जिंकते आणि दुसरी ०.०० दाखवते, असे दिसले तर ती खेळी एकमेव आहे; ती एकमेव का आहे, हे मुलाने शब्दांत सांगायला हवे. चारही ओळी जिंकत असतील तर पहिलीच खेळी ‘बरोबर’ आणि मुलाची ‘चूक’ असे कृपया सांगू नये. मुलाची सोपी वाट जिंकत असेल, तर इंजिनाच्या मोठ्या आकड्यापेक्षा ती श्रेष्ठ मानावी.

शेवटी मुलाने जिंकणारी बाजू घेऊन ती स्थिती इंजिनाविरुद्ध खेळून काढावी. हरणारी बाजू इंजिन शेवटपर्यंत नेटाने लढवते, आणि ऑपोझिशन (राजासमोर राजा उभा करून त्याची वाट अडवणे) कळले आहे की नुसते पाठ झाले आहे, ते दहा-पंधरा खेळ्यांत उघड होते.

गावातले ज्येष्ठ लोक जुन्या देशी नियमांनी खेळतात. त्यांच्या डावाला इंजिनाचे मूल्यांकन लागू पडते का?

पूर्णपणे नाही. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाते, आणि अनेक ठिकाणी शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याला त्या ओळीत सुरुवातीला असलेल्या मोहऱ्याचेच रूप मिळते. पहिल्या फरकाने खेळ्यांची मोजणी बदलते आणि दुसऱ्याने तर सगळेच गणित बदलते, कारण बी ओळीतले प्यादे घोडा होणार असेल आणि एकटा घोडा मात करू शकत नसेल, तर वर जिंकलेल्या म्हणून सांगितलेल्या कितीतरी स्थिती बरोबरीच्या ठरतात. प्याद्याने दिलेल्या मातेला त्या खेळात जो मान आहे, तो तर कोणत्याही इंजिनाच्या हिशेबात नाही. राजासमोर राजा उभा करणे, वाकडी वाट घेऊन एक खेळी समोरच्यावर ढकलणे, मोकळ्या प्याद्याला राजाने साथ देणे या गोष्टी मात्र दोन्ही खेळांत सारख्याच आहेत, आणि त्या शिकायच्या असतील तर कट्ट्यावरच्या ज्येष्ठांसमोर बसून चार डाव अवश्य खेळावेत.